एका क्रीडारसिकाचे स्मरण

(महोत्सवानिमित्त भरविलेल्या क्रीडास्पर्धांच्या पारितोषिक-समारंभप्रसंगी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आज जिंकणाऱ्यांस ढाली व पेले मिळाले, हरणाऱ्यांस टाळ्या मिळाल्या आणि ऊन मात्र उभयतांस सारखेच मिळाले. अशा प्रसंगी खेळाडूंची स्तुती करण्याचा परिपाठ आहे व तो योग्यच आहे. परंतु गेले दोन दिवस जे बाकांवर, सायकलींवर आणि कुंपणाच्या भिंतीवर बसून होते, त्यांच्या वतीने चार शब्द बोलावेत असे आमच्या मनात आहे. कारण आम्हीही त्यांच्याच पंगतीतले. संत पौलाने आपल्या पत्रांत शर्यतीचा दाखला दिला आहे, त्यावरून तोही कधी तरी प्रेक्षकांत बसला असावा, असा आमचा आपला तर्क आहे.

ज्यांचे स्मरण करावयाचे ते गृहस्थ आपल्या धर्मग्रामाचे नव्हते, आपल्या धर्माचेही नव्हते, विदर्भाचे तर नव्हतेच. ते मुंबईतील दादरचे. त्यांचे नाव द्वारकानाथ संझगिरी. दिनांक ६ फेब्रुवारी २०२५ रोजी कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले. त्याच दिवशी नागपुरास जामठ्याच्या मैदानावर भारत व इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना होता. आपल्यातील पाच-सात तरुण जीप करून तिकडे गेले होते, हे त्यांच्या मातापित्यांस आता कळले तरी हरकत नाही. भारताने तो सामना चार गडी राखून जिंकला. शुभमन गिल याने ८७ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मिसा आटोपल्यावर त्या तरुणांपैकी एक जण तांबारलेल्या डोळ्यांनी सामन्याचे वर्णन करू लागला. आम्ही त्याला म्हणालो, "अरे, संझगिरी गेले." त्याने विचारले, "कोण, फादर?"

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे भाषण समजावे.

संझगिरी हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता. मुंबई महानगरपालिकेत त्यांनी नोकरी केली आणि २००८ साली पाणीपुरवठा खात्यातून प्रमुख अभियंता या पदावरून ते निवृत्त झाले. पाणीपुरवठा म्हणजे काय, हे यवतमाळकरांस समजावून सांगण्याची गरज नाही. २०१८ सालच्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह ही दोन्ही धरणे तळाला गेली, तेव्हा नळाला पाणी येण्याचा दिवस आपण सणाच्या दिवसासारखा मोजीत होतो. मुंबईसारख्या अफाट नगरीची तहान ज्या खात्याच्या शिरावर, तेथील चाकरी सांभाळावयाची आणि उरल्या वेळात क्रिकेटवर लिहावयाचे, असा या गृहस्थांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. त्यांची चूल लेखणीवर पेटत नव्हती.

इंग्रजीत अशा मनुष्यास 'अमॅच्युअर' म्हणतात आणि हल्ली त्याचा अर्थ 'कच्चा' असा करतात. सेमिनरीत आम्ही जी लॅटिन घोकली तिचा उपयोग करण्याची संधी क्वचितच येते, म्हणून सांगून टाकतो : त्या शब्दाच्या मुळाशी 'आमातोर' हा शब्द आहे व त्याचा अर्थ 'प्रीती करणारा' असा आहे. आपला 'हौशी' हा शब्द त्याच्या जवळ जातो खरा. पण हौस चार दिवसांत फिटते. संझगिरींची चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली.

१९८३ सालच्या जून महिन्याच्या २५ तारखेस लॉर्ड्सच्या मैदानावर कपिल देव यांच्या संघाने १८३ धावांचे तुटपुंजे भांडवल घेऊन वेस्ट इंडिजला १४० धावांत गारद केले व विश्वचषक आणला. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होतो. गावात दूरदर्शन संच नव्हता. एका दुकानदाराच्या रेडिओभोवती अर्धे गाव गोळा झाले होते. त्या विजयाच्या भरात संझगिरी व त्यांचे मित्र यांनी 'एकच षटकार' नावाचे क्रीडाविषयक नियतकालिक काढले. संपादक संदीप पाटील आणि कार्यकारी संपादक संझगिरी. हे काम त्यांनी सुमारे बारा वर्षे केले.

तो अंक आमच्या तालुक्याच्या एस. टी. स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानात आठ-दहा दिवस उशिराने येई. सामन्याचा निकाल तोवर शिळा झालेला असे. कोणी किती धावा केल्या हे आम्हांस तोंडपाठ असे. तरीही अंक आला की त्यावर झडप पडे. निकाल ठाऊक असता मनुष्य वर्णन का वाचतो, याचा विचार आम्ही पुढे बरीच वर्षे केला. धावफलक काय झाले ते सांगतो. पण ज्या मुलाने गवताचे मैदान कधी पाहिलेच नाही, ज्याची खेळपट्टी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर मोकळे पडलेले काळ्या मातीचे वावर, त्याला बाद होऊन परतणाऱ्या फलंदाजाची चाल पाहावयाची असते, प्रेक्षकांचा गलबला ऐकावयाचा असतो. ज्याला मैदानात जागा नाही त्याचा हात धरून नेऊन बसवावयाचे, हे काम संझगिरी करीत. ते स्वतः प्रेक्षकच होते. आपण खेळाडूंहून शहाणे आहोत असा आव त्यांच्या लेखनात नसे. विरुद्ध संघातील चांगल्या खेळाडूवरही ते मोकळ्या मनाने लिहीत.

त्यांचे सारेच आम्हांस रुचले असे मात्र नाही. एका वाक्यात दोन-दोन उपमा येत आणि चेंडूच्या वळणास हिंदी चित्रपटांतील नायिकांचा दाखला मिळे, तेव्हा आमच्या कपाळास आठी पडे. (पान मात्र उलटवीत नसू.) चित्रपटसंगीत हेही त्यांचे प्रेमाचे स्थान; त्यावर त्यांनी रंगमंचावरून कार्यक्रम केले, प्रवासावर लिहिले आणि सर्व मिळून चाळिसाच्या आसपास पुस्तके त्यांच्या नावावर आहेत.

आता जे सांगावयाचे ते सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक माउली आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आली. मुलगा दहावीस गणितात नापास झाला होता. तिने पदराखालून वह्यांचा एक गठ्ठा काढून टेबलावर ठेविला. रेडिओवर ऐकलेल्या प्रत्येक सामन्याचे धावफलक त्याने त्यात आखले होते आणि खाली स्वतःच्या शब्दांत वर्णन लिहिले होते, मथळ्यासकट. आम्ही दोन-तीन पाने वाचली. ती चांगली होती. तरीही आम्ही त्यास म्हणालो, "बाळ, याने पोट भरत नाही. हे सोड." तो "बरं, फादर" म्हणाला व आईच्या मागोमाग निघून गेला.

संझगिरींच्या निधनाची वार्ता वाचली तेव्हा आम्हांस तो मुलगा आठवला. त्याचा ठावठिकाणा शोधून दूरध्वनी केला. तो पुण्यास एका कारखान्यात भांडारपाल आहे; संसार नीट चालला आहे. वह्यांविषयी विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "त्याच वर्षी रद्दीत घातल्या, फादर. सव्वादोन किलो भरल्या." वजन मात्र त्याच्या ध्यानात राहिले होते.

आम्ही त्यास अभ्यास करावयास सांगितले, यात चूक नव्हती. लिहिणे सोडावयास सांगितले, ही चूक. पाणीपुरवठ्याची चाकरी करूनही मनुष्य लिहू शकतो, याचे उदाहरण त्या दिवशीही आमच्या फडताळात जुन्या अंकांच्या रूपाने पडून होते. आणि आम्हांस ते सुचले नाही.

हे दुःख एकट्या त्या मुलाचे नाही. आपल्याच जिल्ह्यातील पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. २०१९ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध त्याने नाबाद ७३ धावा केल्या आणि विदर्भाने लागोपाठ दुसऱ्यांदा करंडक जिंकला. २०२१ साली मणिपूरविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यात त्याने चार षटके टाकली, दोन बळी घेतले आणि धाव एकही दिली नाही. हे आकडे कोठेही सापडतील. परंतु पांढरकवड्याच्या उन्हात तो मुलगा प्रथम डाव्या हाताने चेंडू टाकू लागला की उजव्या, पाहणारे काय म्हणाले, हे आपल्या जिल्ह्यातील कोणी लिहिलेले आमच्या वाचनात आलेले नाही. कदाचित त्या सव्वादोन किलोंच्या पुढच्या वहीत ते आले असते.

असो. आपल्या वाचनालयात संझगिरींची काही पुस्तके आम्ही आणून ठेविली आहेत. 'चिरंजीव सचिन' याची प्रत एकच आहे, तरी नेणाऱ्याने ती आठ दिवसांत परत करावी. पुस्तकांशेजारी शंभर पानी वह्यांचा एक गठ्ठाही ठेविला आहे. आजच्या अंतिम सामन्याचे वर्णन ज्यास लिहावेसे वाटेल त्याने त्यातील एक वही घेऊन जावी, मुलींनीही न्यावी. लिहून आणलेले आम्ही देवळाच्या दाराजवळील फळ्यावर लावू. पंचांच्या निर्णयाविषयीची तक्रार मात्र त्यात लिहू नये. ती आमच्याकडे तोंडी करावी, कारण पंच आम्हीच होतो.