लकव्याचा पहिला महिना



आज मला एका संशोधकाबद्दल आणि त्यांच्या कामाने आपल्यापुढे टाकलेल्या एका प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

डॉ. योगेश्वर कालकोंडे हे मेंदुविकारतज्ज्ञ. अमेरिकेत, टेक्सासमध्ये असताना ते मेंदूतल्या दाहावर काम करत होते. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि त्यांच्या आसपास मायक्रोग्लिया या रक्षक पेशी खवळलेल्या दिसतात. मग हा दाह थोपवला तर मरणाऱ्या पेशी वाचतील का? सीसीएल-2 हा रेणू रक्तातल्या दाहक पेशींना बोलावून आणतो, सीसीआर-2 हा ग्राहक ती हाक ऐकतो. यांच्याविना जन्मलेल्या उंदरांना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एमपीटीपी हे विष दिलं. पेशी तरीही मेल्या. 2007 साली त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. अपेक्षेविरुद्ध गेलेलं उत्तर छापायला धीर लागतो, आणि त्यामुळे पुढच्या किती जणांची वर्षं वाचतात! त्या शोधनिबंधाबद्दल मला फार आदर आहे.

पुढे ते गडचिरोलीत आले, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेत. उंदरांच्या मेंदूतून थेट गावाच्या वेशीवर. इथला पहिला प्रश्न साधा होता: आपली माणसं कशाने मरतात? 2011 ते 2013 या काळात 86 गावांतला प्रत्येक मृत्यू नोंदला गेला. घरी मेलेल्या माणसाचं शवविच्छेदन कोण करणार? म्हणून घरच्यांना विचारायचं. कोणत्या बाजूचा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं होतं का, वाचा गेली का, किती दिवस खाटेवर होते? त्या उत्तरांवरून डॉक्टरांनी कारण ठरवायचं. 1599 मृत्यूंपैकी 229, म्हणजे 14.3 टक्के, लकव्याने झालेले निघाले. सगळ्या कारणांत पहिला क्रमांक लकव्याचा. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. मलेरिया, कुपोषण आणि बाळंतपण यांच्यापलीकडे या जिल्ह्याचं आरोग्य न पाहणाऱ्यांना त्याने जागं केलं.

त्यातले दोन आकडे मात्र मला स्वस्थ बसू देत नाहीत. लकव्याने गेलेल्यांपैकी 87 टक्के घरीच गेले, आणि जवळजवळ निम्मे पहिल्या महिन्यात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. भामरागड तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की तेही अंतर उरत नाही, रस्ताच उरत नाही. त्या रुग्णाच्या हाती साडेचार तास नसतात. महिना असतो. आणि तो महिना आपण मोकळा सोडून दिला आहे.

या महिन्यात मेंदूत काय चालतं? रक्त न मिळालेल्या भागातल्या पेशी मरतात, भोवतालच्या मायक्रोग्लिया जाग्या होतात, सूज चढते. हा दाह दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे चालतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं आहे की शरीरात दुसरीकडे जंतुसंसर्ग झाला तर मेंदूतल्या त्याच पेशी आणखी भडकतात. आता आपल्या गावातली खाट डोळ्यांसमोर आणा. म्हातारा उताणा पडलेला, गिळता येत नाही, आणि सून मायेने वाटीने पेज पाजते आहे. ती पेज श्वासनलिकेत जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप, छातीत घरघर. कंबरेखाली लाल झालेली कातडी आठवड्यात फाटते. घरचे म्हणतात, लकवा वर चढला. लकवा चढलेला नसतो, फुप्फुसात न्यूमोनिया झालेला असतो. ही सून दोषी नाही. तिला कोणी सांगितलंच नाही की आधी आजोबांना टेकून बसवा, चमचाभर पाणी देऊन पाहा, ठसका लागला तर थांबा आणि आम्हाला कळवा.

म्हणून मेंदूतला दाह हा विषय मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांचा, आपला नव्हे, असं मला कोणी सांगू नये. कूस बदलणं, तोंड स्वच्छ ठेवणं, ताप मोजणं ही आपल्या हातातली दाहावरची उपाययोजना आहे. तिने नेमका किती फरक पडतो हे इथेच, याच खाटांशेजारी बसून मोजायला हवं. लकवा मुळात होऊच नये म्हणून मिठाचा आणि खर्ऱ्याचा प्रश्न, रक्तदाबाच्या मध्येच सुटणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न आहेच, त्यावर उद्याच्या सत्रात बोलणं होईल.

माझी मागणी एवढीच आहे. लकव्याचा रुग्ण घरी गेला की महिनाभर आठवड्यातून दोनदा कोणीतरी त्याच्या घरी जावं. ताप, ठसका, छातीची घरघर, पाठीची कातडी आणि रक्तदाब या पाच गोष्टी वहीत लिहाव्यात. रुग्ण दगावला तर तेही लिहावं, लपवू नये. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या तरुण डॉक्टरांना माझी विनंती आहे की प्रबंधाचा विषय निवडताना या वह्या आधी मागा. नोंदींचा नमुना मी मराठीत करून आणला आहे. जेवणाच्या सुटीत तो आशाताईंनी वाचावा आणि त्यातला जो प्रश्न गावात विचारता येणार नाही तो खोडावा, म्हणजे संध्याकाळच्या बैठकीत पक्का करून घेऊ.