साथ आणि औषधविक्रेता

डॉक्टरांची चिठ्ठी वाचावी, औषध मोजून द्यावें आणि पैसे गल्ल्यांत टाकावे, एवढाच औषधविक्रेत्याचा व्यवसाय, अशी बहुतेकांची समजूत असते. गिऱ्हाइकाला नाहीं म्हणणें हाहि त्याचाच भाग आहे. तो किती कठीण आहे, हें मला २०२० सालच्या मार्च महिन्यांत कळलें.

त्या महिन्याच्या २१ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व अझिथ्रोमायसिन या जोडीची जाहीर भलावण केली. आधार होता फ्रान्समधील अवघ्या ३६ रुग्णांच्या निरीक्षणाचा! पाठोपाठ आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कृतिदलानेंहि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीं सल्ला दिला; पण तो रुग्णांची शुश्रूषा करणारे आरोग्यसेवक व बाधितांच्या घरचीं माणसें यांच्यापुरताच होता. ही मर्यादा कोणाच्या कानीं गेली नाहीं. औषधाचें नांव मात्र घरोघर पोचलें.

एक निवृत्त गृहस्थ, चांगले सुशिक्षित, मला म्हणाले, "अहो, अमेरिकेचा अध्यक्ष सांगतो, आणि तुम्ही नाहीं म्हणतां?" या औषधानें हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडूं शकते, असें मीं सांगितलें. त्यांनीं मोबाइलवर आलेला एक निरोप माझ्यापुढें धरला. दुसऱ्या दिवशीं ते डॉक्टर जावयाची चिठ्ठी घेऊन आले. चिठ्ठी कायदेशीर होती. मीं सहा पट्ट्या मोजून दिल्या.

ल्युपस या रोगांत शरीराची संरक्षक शक्ति शरीरावरच उलटते. अशा रोग्यांना हेंच औषध वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. दरमहा ते माझ्याकडून नेणाऱ्या एक बाई त्याच आठवड्यांत आल्या, तेव्हां फळीवर एकहि पट्टी उरली नव्हती. २६ मार्चला सरकारनें औषध परिशिष्ट एच-१ च्या नियमांखालीं आणलें. म्हणजे रोग्याचें नांव, डॉक्टरांचें नांव व पत्ता, दिलेलें प्रमाण, सारें वेगळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपावयाची. नियम चांगलाच, पण वहींत लिहिण्याजोगें माझ्यापाशीं कांहीं शिल्लक नव्हतें.

नेत्यांची चूक होऊं शकते. औषधशास्त्रांतहि रोज चुका होतात. परंतु "अद्याप ठाऊक नाहीं" एवढे शब्द वरून कोणी उच्चारले असते, तर माझ्या नकाराला थोडें वजन आलें असतें.

अमेरिकेनें २८ मार्चला दिलेली तांतडीची परवानगी १५ जूनला मागें घेतली. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चांचणींत हें औषध दिलेल्या १५६१ रुग्णांपैकीं २८ दिवसांत शेंकडा २७ दगावले. न दिलेल्या ३१५५ पैकीं शेंकडा २५. लाभ कांहींच नव्हता.

जूनच्या अखेरीस ते गृहस्थ चार कोऱ्या पट्ट्या परत करावयास आले. गिऱ्हाइकाच्या घरीं पडून राहिलेलें औषध मला परत घेऊन दुसऱ्यास विकतां येत नाहीं. तसें मीं सांगितलें. त्या बाईंनीं मधले सहा आठवडे रोजची गोळी दिवसाआड घेऊन काढले होते, आणि माझ्यासमोर पैसे मोजतांना त्यांचीं सुजलेलीं बोटें नीट मिटत नव्हतीं.