घरचा माइक आणि आपला आवाज

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला कराओकेवर दहा मिनिटे बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी ध्वनिशास्त्रातली पंडित नव्हे, आणि गाणारी तर मुळीच नव्हे. परंतु गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक गोष्ट घडली. ती सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून उभी राहिले आहे.

कराओके हा शब्द जपानी. 'कारा' म्हणजे रिकामा, आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्रा या शब्दाचे जपानी तोंडात झालेले छोटे रूप. १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाच्या वादकाने अशी यंत्रे करून भाड्याने द्यायला सुरुवात केली. आता ते सामान आपल्या दिवाणखान्यात येऊन बसले आहे. आमच्याकडे पुतण्याने दिवाळीला आणले. दोन माइक, एक मोठा स्पीकर, टीव्हीवर गाण्याचे शब्द. सगळी मंडळी जमली आणि पहिला मान अर्थातच माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. वय बहात्तर, भजनी मंडळात वीस वर्षे गाणाऱ्या. तालाला तर अशा पक्क्या की मृदंगवाला त्यांच्याकडे पाहून वाजवतो.

त्या गायला लागल्या आणि दुसऱ्याच ओळीला मागे पडल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मागे पडल्या. आवाज कर्कश येत होता, मध्येच स्पीकरने कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. मुले हसली. मुलेच ती, त्यांना काय कळणार! जाऊबाईंनी माइक खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझा ताल सुटला गं आता. वय झालं." एवढ्यावर थांबते तर ठीक होते. पण त्यानंतर त्या भजनालाही जाईनाशा झाल्या. गुडघ्याचे निमित्त सांगत. चार महिने असेच गेले.

होळीला माझा भाचा आला. त्याचा ध्वनिक्षेपकाचा धंदा आहे. त्याने सामान पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "मावशी, माइकमधला आवाज स्पीकरपर्यंत कुठून कुठून जातो?" मी काय सांगणार! त्यानेच शोधले. आवाज माइकमधून टीव्हीच्या डबीत, डबीतून टीव्हीत आणि टीव्हीतून ब्लूटूथने, म्हणजे बिनतारी, स्पीकरला जात होता. ब्लूटूथला आवाजाची बांधाबांध करून पाठवायला आणि पलीकडे ती सोडायला वेळ लागतो. साध्या सामानात तो सेकंदाचा पाचवा हिस्साही होतो. ऐकायला किरकोळ वाटते. पण हवेतून आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा पाचव्या हिश्शात अडुसष्ट. म्हणजे जाऊबाई आपलाच आवाज जणू अडुसष्ट मीटरांवरून ऐकत होत्या आणि त्याची वाट पाहत गात होत्या! जिचा कान तालाला पक्का, तीच इथे जास्त अडखळणार. माझ्यासारखी बेसूर बाई स्वतःचे ऐकतच नाही, ती खुशाल पुढे जाते.

उपाय सोपा निघाला. माइकची तार सरळ एका लहान मिक्सरला (चटणीचा नव्हे बरे का!) आणि तिथून तारेनेच स्पीकरला. नुसते संगीत ब्लूटूथने मिक्सरला आले तरी चालते, कारण आपण जे ऐकतो त्याच्याबरोबर गातो. फार तर पडद्यावरचे शब्द किंचित आधी दिसतात.

शिट्टीचे कारण वेगळे. माइकमधला आवाज स्पीकरमधून निघतो, तो पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून निघतो. असे चक्र वाढले की शिट्टी. आमचा स्पीकर गाणाऱ्याच्या पाठीशी, थेट माइककडे तोंड करून होता. तो पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा आणि आपण त्याच्या मागे उभे राहावे. हातात धरायचे बहुतेक माइक समोरचा आवाज घेतात आणि दांड्याच्या बाजूने येणारा फारसा घेत नाहीत. मात्र जाळीच मुठीत धरली, तर मागून हवा जायच्या फटी बुजतात आणि माइक चहूकडचे ऐकू लागतो. टीव्हीवर कोणी तसे धरत असेल तर धरो. आपण दांडा धरावा.

आता अंतर. 'महल' या १९४९ सालच्या चित्रपटातील गाण्याच्या वेळी आपण दूर कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आलो, अशी हकीगत लताबाई सांगत असत. अंतराने आवाजाचे रूप किती बदलते ते यावरून कळावे. अंतर दुप्पट केले की आवाजाचा जोर चौथाई उरतो. मग आपण बटण वाढवतो, आणि पंखा, कुकर, शेजारचे बोलणे सगळेच वाढते. तेव्हा माइक हनुवटीशी, तोंडापासून तीन-चार बोटे. ओठांना टेकवला तर आवाज जाड आणि गढूळ होतो. वरच्या सुराला थोडा दूर न्यावा. प, फ, भ या अक्षरांची फुंकर जाळीवर आदळून धप्प आवाज येतो, म्हणून तो किंचित तिरपा धरावा.

मिक्सरवर माइकचे पहिले बटण लावताना आपली सर्वांत जोराची ओळ म्हणून पाहावी. तांबडा दिवा लागला की बटण मागे घ्यावे. तिथे फाटलेला आवाज पुढे कशानेही शिवता येत नाही. 'इको'चे बटण आधी शून्यावर ठेवावे. इको म्हणजे जेवणातले मीठ, पण आमच्या पुतण्याने मिठाचेच जेवण केले होते. उघड्या भिंती आणि फरशी यांमुळे खोली आधीच घुमते. गाणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगली आणि खाली सतरंजी घातली, तर जो फरक पडतो तो हजारो रुपयांच्या नव्या माइकने पडत नाही, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

त्या रात्री जेवणे झाल्यावर भाच्याने जाऊबाईंना पुन्हा उभे केले. नको नको म्हणत होत्या. पहिले कडवे संपले तेव्हा त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर माझाच आवाज!" मग सलग पाच गाणी म्हटली. पुढच्या गुरुवारी गुडघाही बरा झाला.

आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि चहानंतर गायचे कबूल करून आल्या आहेत. तारा आणि मिक्सर मी आणले आहे. सतरंज्या मात्र दोन कमी पडतील असे वाटते. जवळ राहणाऱ्या कोणी आणून दिल्या तर बरे होईल. आणि गाणे चालू असताना तो कोपऱ्यातला पंखा बंद ठेवावा, एवढी विनंती.