दहा मतांचा महापौर



समाजवादी चळवळीत एक समज फार दिवसांपासून रुजला आहे. नगरपालिका म्हणजे गटारे, दिवाबत्ती आणि घरपट्टी. खरे राजकारण विधानसभेत व लोकसभेत. त्यामुळे नगराध्यक्षपद मिळाले तरी आमचा कार्यकर्ता त्याकडे आमदारकीची पायरी म्हणूनच पाहतो. हा समज तपासून पाहावयास लावणारे एक उदाहरण अमेरिकेतील व्हरमाँट या लहान राज्यात घडले आहे.

बर्नी सँडर्स यांनी १९७२ ते १९७६ या काळात एका छोट्या डाव्या पक्षातर्फे सेनेट व गव्हर्नरपद यांसाठी चार राज्यव्यापी निवडणुका लढविल्या. एकाही वेळी त्यांना सात टक्के मते मिळाली नाहीत. मग १९८१ मध्ये ते सुमारे ३८ हजार वस्तीच्या बर्लिंग्टन शहरात अपक्ष म्हणून महापौरपदासाठी उभे राहिले आणि प्रस्थापित महापौर गॉर्डन पॅकेट यांच्यावर फेरमोजणीअंती अवघ्या १० मतांनी विजयी झाले.

तेरा सभासदांच्या नगरमंडळात त्यांचे पाठीराखे दोघेच होते. बहुमतवाल्यांनी त्यांच्या नेमणुका फेटाळल्या. सँडर्स तक्रार करीत बसले नाहीत; ते वस्त्यांत गेले. १९८२ मध्ये मतदारांनी त्यांचा नकाराधिकार टिकेल इतके सहकारी निवडून दिले. शहराच्या विम्याचे काम ठराविक मंडळींकडे न जाता निविदा मागवून दिले जाऊ लागले. समाजवाद हिशेबाच्या वहीतून सुरू होतो, हे विरोधकांनाही दिसले.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते १९८४ चे पाऊल. रीगन सरकार गृहनिर्माणाच्या खर्चाला कात्री लावीत असताना शहराच्या पैशातून एक भूमिन्यास उभा राहिला. जमीन न्यासाची, घर राहणाऱ्याचे. घर विकताना मालकाला वाढीव किमतीचा केवळ काही हिस्सा मिळतो. उरलेली वाढ घरातच राहते आणि पुढच्या कष्टकरी कुटुंबालाही ते परवडते. जमिनीची अनर्जित वाढ समाजाची, हे अर्थशास्त्रातील जुने तत्त्व येथे व्यवहारात उतरले.

सँडर्स यांचे सारेच बरोबर होते असे नव्हे. सरोवरकाठच्या विकासाची त्यांनी पुरस्कारिलेली योजना १९८५ मध्ये आवश्यक दोनतृतीयांश मतांअभावी पडली. तो काठ अधिक खुला राहावा, अशी अनेक नागरिकांची मागणी होती. नेत्याला रोखू शकणारी जनता हीसुद्धा चळवळीचीच कमाई होय.

१९८६ मध्ये गव्हर्नरपदासाठी ते हरले, १९८८ मध्ये प्रतिनिधिगृहासाठीही हरले. १९९० मध्ये जिंकले आणि २००६ मध्ये सेनेटवर निवडून आले. भाषण १९७२ चेच होते; मध्यंतरी आठ वर्षांच्या कारभाराने त्या भाषणाला तारण मिळाले होते.

मात्र त्यांची चढती कारकीर्द हा माझा मुद्दा नाही. १९८९ मध्ये त्यांनी महापौरपद सोडले तेव्हा त्यांच्याच प्रशासनातील पीटर क्लॅव्हेल निवडून आले. त्या भूमिन्यासाचा वारसा चालविणारी संस्था आजही घरे देते आहे. नेता वर गेला, तरी काम खाली टिकले.

७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून आपल्या नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले आहे. अधिकार अपुरे आहेत, पैसा तुटपुंजा आहे, हे खरे. तरीही आपल्या प्रत्येक नगरसेवकाला पक्षाने एकच प्रश्न विचारावा: तुम्ही पायउतार झाल्यावर गावात कोणती संस्था उभी राहील? याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्यालाच विधानसभेची उमेदवारी मागण्याचा नैतिक अधिकार आहे.