पाठीतलं पाणी

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधून पहाटे निघून लोकल पकडणाऱ्यांना आधी दिलासा देतो. दांडीला धरून उभ्या उभ्या तुमचा डोळा लागत असेल, तर बहुतेक वेळा ती अपुऱ्या झोपेची थकबाकी असते. पण रात्री पोटभर झोपूनही एखादा मुलगा वर्गात, जेवताना, बोलता बोलता झोपतो. खदखदून हसला की त्याचे गुडघे ढिले पडतात, मान कलंडते, तरी त्याला सगळं ऐकू येत असतं. घरचे त्याला आळशी म्हणतात, कुणी फिट समजतं. हा नार्कोलेप्सी नावाचा झोपेचा आजार असू शकतो, आणि त्या मुलाने खाल्लेली बोलणी मला फार लागतात.

१९९८ मध्ये दोन संशोधक गटांनी मेंदूतला एकच रेणू स्वतंत्रपणे शोधला. एकाने नाव ठेवलं हायपोक्रेटिन, दुसऱ्याने ओरेक्सिन. आपल्याला सलग जागं ठेवण्याचं काम याच्याकडे. २००० साली स्टॅनफर्डच्या निशिनो आणि मिन्यो यांच्या गटाने नार्कोलेप्सीच्या नऊ रुग्णांचं पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, तपासलं. सात जणांत हा रेणू सापडलाच नाही. तो बनवणाऱ्या पेशीच या आजारात नष्ट होतात. एमआरआय अशा रुग्णात बहुधा स्वच्छ येतो, रक्तातूनही भरवशाचं उत्तर मिळत नाही. आज या पाण्यात रेणूचं प्रमाण मिलिलिटरमागे ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी आलं, तर निदान पक्कं धरतात. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग!

ही तपासणी सरसकट करायची नसते, आणि साध्या लॅबमध्ये ती होतही नाही. आधी रात्रभराचा झोपेचा अभ्यास, मग दिवसा दर दोन तासांनी डुलकीची चाचणी. तरीही कोडं सुटलं नाही, तर सुई.

त्या सुईचीच धास्ती. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ हे मी कितीदा ऐकलंय! मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये जाते. काढतात ते काही मिलिलिटर. शरीर दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवं बनवतं. काहींचं डोकं दोन-चार दिवस दुखतं, उठून बसलं की जास्त. मेंदूतला दाब वाढल्याची शंका असेल, तर आधी स्कॅन करतात.

आपल्याकडे हे पाणी सर्वाधिक महत्त्वाचं ठरतं ते मेंदूच्या क्षयात. तिथे भीतीपोटी चार दिवस टाळाटाळ झाली, तर जीवावर बेततं किंवा कायमचं अपंगत्व येतं. अचानक भ्रमिष्टासारखी वागू लागलेली तरुण मुलगीही आठवा. तिला देवऋषीकडे नेतात, आणि मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्धची प्रतिद्रव्यं मात्र तिच्या पाण्यात असतात. हा आजार २००७ मध्ये ओळखला गेला. वेळेत उपचार झाले तर यातल्या बहुतेक मुली सावरतात.

संमतीपत्रावर सही करताना डॉक्टरांना एवढं विचारा: या पाण्यात तुम्ही नेमकं काय शोधणार आहात? कारण सुई एकच असली, तरी प्रत्येक शोधासाठी वेगळी चाचणी लिहून द्यावी लागते.