दलाल कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी गळ घातली, "तुमच्या जागेची हकीकत सांगा, पुष्कळजणींच्या उपयोगी पडेल," म्हणून मी उभी आहे. मी वक्ता नव्हे, आणि कायदेपंडित तर नव्हेच. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. त्यातली पुढची मी, एवढेच समजा.

२०१८ साली हे गेले. सदाशिव पेठेतली आमची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे तर तुम्हांला ठाऊकच आहेत. दुसऱ्या वर्षी ती विकून तळमजल्यावर लहानशी जागा घ्यावी असे ठरले. शेजाऱ्यांच्या ओळखीचा एक दलाल आला. येताच वाकून नमस्कार केला. शब्दाशब्दाला "काकू, काकू". एकदा माझी औषधेसुद्धा आणून दिली. एकट्या बाईला एवढे पुरते! चौथ्या दिवशी त्याने विचारले, "काकू, अगदी शेवटी कितीला सोडाल? मला म्हणून सांगा." मी सांगितले. मागत होते त्याहून सात लाखांनी कमी.

आठवड्यात गिऱ्हाईक आले. शाळेत शिकवणारे नवराबायको, माणसे सालस. चहा घेताना त्या बाई सहज बोलून गेल्या, "तुम्ही एवढ्याला तयार आहात असे कळले, म्हणून धीर करून आलो." आकडा माझ्या पोटातला! दलाल खिडकीबाहेर पाहू लागला. तो दलाली दोन्हीकडून घेणार होता, हे मला मागाहून कळले. त्याने विसारपावती लिहूनच आणली होती. "सोसायटीत वारस म्हणून तुमचेच नाव आहे. सही करा की झाले." का कोण जाणे, माझा हात आखडला. "उद्या करते," म्हणाले आणि रात्रभर जागी राहिले.

मग भाचीने दुसऱ्या एक दलालबाई सुचवल्या. त्यांनी किंमत विचारलीच नाही. आधी कागद मागितले. ते वाचून म्हणाल्या, "काकू, जागा काकांच्या नावावर होती आणि मृत्युपत्र नाही. सोसायटीत तुमचे नाव नेमलेले असले तरी त्याने तुम्ही एकट्या मालक होत नाही. मुलाचा आणि मुलीचाही वाटा आहे. त्यांनी हक्कसोडपत्र नोंदवून द्यावे किंवा तुमच्याबरोबर सही करावी, त्याशिवाय विसार घेऊ नका. दोन महिने जातील, पण जाऊ द्या." स्वतःची दलाली लांबणीवर टाकणारा सल्ला होता तो! मुलगी नागपूरहून आली, सही केली, आणि जाताना म्हणाली, "आई, आधी विचारलंस, बरं वाटलं." भगिनींनो, त्या दिवशी मी सही केली असती तर पैशांचे काय व्हायचे ते झाले असते, पण लेकीच्या मनात जी अढी बसली असती, ती कोणत्या कागदाने निघाली असती?

पुढे जागा मनासारख्या किमतीला गेली. त्यातून मी जे शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट, दलाल गोड बोलतो की नाही हे पाहू नका. तो कोणाचा, हे विचारा. दलाली किती, केव्हा, आणि दुसऱ्या बाजूकडूनही घेणार का, हे लिहून घ्या. दोन्हीकडून घेणाऱ्याला आपला शेवटचा आकडा कधीही सांगू नये.

दुसरी गोष्ट, नव्या इमारतीत घर घ्यायचे असेल तर नोंदणी पाहा. २०१६ साली झालेल्या स्थावर संपदा कायद्यान्वये महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा काम करीत आहे. नोंदलेल्या प्रकल्पातले घर विकणाऱ्या दलालाचीही तेथे नोंदणी असावी लागते, आणि २०२३ सालापासून त्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. दोन्ही क्रमांक मागून घ्या आणि महारेराच्या संकेतस्थळावर नातवंडांकडून ताडून पाहा. जुन्या घरांच्या खरेदीविक्रीला मात्र ही नोंदणीची अट लागू नाही. तेथे त्याच दलालाकडून व्यवहार केलेली दोन घरे शोधा आणि त्या घरच्या बायकांना विचारा.

तिसरी गोष्ट पैशांची. विसार दलालाच्या हातात रोख देऊ नका. मालकाच्या नावे चेक द्या आणि पावती घ्या. नव्या घराच्या बाबतीत, करार लिहून नोंदवल्यावाचून बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "उद्या दुसरे गिऱ्हाईक येतेय," असे कोणी म्हटले तर त्याला खुशाल येऊ द्या.

चौथी, वकील आपला आपण पाहावा. दलालाने आणलेला वकील कितीही भला असला तरी उद्याचे कामही त्याला त्या दलालाकडूनच मिळायचे असते.

आणि एक लहानशी पारख. राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तुमचा दलाल हे आपणहून सांगतो का पाहा. त्याला त्यात मिळकत नाही. म्हणूनच सांगितले तर तो तुमचा.

सगळे दलाल वाईट नसतात, हे त्या बाईंनी मला दाखवले. त्यांनी जागेतली ओलसुद्धा गिऱ्हाइकाला माझ्यादेखत दाखवली. मला राग आला होता. पण व्यवहार झाल्यावर कोणाची तक्रार आली नाही.

शेवटी एक सूचना. आपल्या मंडळाच्या कपाटात पापड-लोणच्यांच्या हिशेबाची वही आहे. तिच्याशेजारी आणखी एक वही ठेवू या. जिने घर घेतले, विकले वा भाड्याने दिले, तिने आपला खराखुरा अनुभव त्यात लिहावा. पहिले पान मी लिहून आणले आहे. ते चिटणीसबाईंच्या स्वाधीन करते आणि आपली रजा घेते.