परक्यांचीं मुलें



धर्मभेद असतांहि दोन समाजांनीं एकत्र येऊन परोपकार करावा, हें बोलावयास सोपें, पण आचरावयास कठीण. देणाऱ्याच्या मनांत आपपरभाव असतो आणि घेणाऱ्याच्या मनांत संशय. ख्रिस्ती आणि ज्यू यांच्यामध्यें तर शतकानुशतकांचा दुरावा. असें असूनहि १९३८ सालच्या हिवाळ्यांत इंग्लंडमध्यें या दोन समाजांनीं मिळून जें कार्य केलें, त्याची हकीकत आज आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीं जर्मनींत ज्यूंचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं, दुकानें फोडण्यांत आलीं आणि त्यामागोमाग सुमारें ३०,००० पुरुषांची छळछावण्यांत रवानगी झाली. १५ तारखेस ब्रिटनमधील ज्यू पुढारी मुख्य प्रधान चेंबरलेन यांस भेटले. मोठ्यांचें कांहीं होवो, मुलांना तरी तात्पुरता आश्रय द्यावा, असें त्यांचें म्हणणें होतें. परंतु जर्मनींत जाऊन प्रत्यक्ष स्थिति पाहणें ब्रिटिश ज्यूंस धोक्याचें होतें. तें काम क्वेकर नांवाच्या ख्रिस्ती पंथाच्या माणसांनीं अंगावर घेतलें, आणि बर्लिनमध्यें त्यांना वाट दाखविली ती विल्फ्रिड इझ्रायल या ज्यू व्यापाऱ्यानें. एका हातानें टाळी वाजत नाहीं, ती अशी! २१ नोव्हेंबर रोजीं गृहमंत्री सर सॅम्युएल होअर यांच्याकडे जें शिष्टमंडळ गेलें, त्यांत ज्यू प्रतिनिधींबरोबर बर्था ब्रेसी या क्वेकर बाईहि होत्या. त्याच दिवशीं होअर यांनीं पार्लमेंटांत मुलांना येऊं देण्याचें जाहीर केलें. मात्र त्यांचा भार सरकारी तिजोरीवर पडतां कामा नये, अशी अट होती.

२ डिसेंबर रोजीं हार्विच बंदरांत सुमारें २०० मुलें उतरलीं. नंबराची चिठ्ठी, एक पेटी आणि दहा मार्क, एवढाच त्यांचा संसार. आईबापांस बरोबर येण्याची परवानगी नव्हती. बहुतेक मुलें ज्यू होतीं. पण ज्यू वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबांतलींहि कांहीं होतीं, कारण नाझी कायदा धर्म पाहत नव्हता, रक्त पाहत होता. ८ डिसेंबर रोजीं माजी मुख्य प्रधान बाल्डविन यांनीं रेडिओवरून मदतीची हांक दिली आणि ५ लक्ष पौंडांहून अधिक निधि जमला. युद्ध पेटेपर्यंत जवळजवळ १०,००० मुलें ब्रिटनमध्यें पोंचलीं.

येथवरची कथा गोड वाटते. परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. ज्यू घरें अपुरीं पडलीं आणि अनेक मुलें ख्रिस्ती घरांत वाढूं लागलीं. रब्बी सॉलोमन शोनफेल्ड यांस हें मानवेना. स्वतः खटपट करून त्यांनीं शेंकडों मुलें आणविलीं होतीं. जीव वांचवितांना मुलाचा धर्म हरपूं नये, असा त्यांचा आग्रह. उलट बाजूस, गाडी सुटण्याची वेळ आली असतां यजमानाचा धर्म विचारीत बसणें परवडणारें नव्हतें. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. आधीं दार उघडावें. पण आंत आलेल्या मुलाला त्याचें नांव, त्याची प्रार्थना व आईबापांची आठवण जपूं द्यावी. मुलांना शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला एवढें निश्चित सांगतां येतें कीं, उपकाराच्या मोबदल्यांत मुलाचें मन मागण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

या मुलांपैकीं पुष्कळांना आईबाप पुन्हां दिसले नाहींत. तें दुःख कोणत्याहि निधीनें भरून येणारें नव्हतें. पण सहकार्य तेथें संपलें नाहीं. १९४२ सालीं आर्चबिशप विल्यम टेंपल व मुख्य रब्बी हर्ट्झ यांनीं ख्रिस्ती व ज्यू यांचें एक मंडळ स्थापिलें. परस्परांविषयींचा द्वेष दूर करणें हा त्याचा हेतु.

हिब्रू भाषेंत दानाला ‘त्सदाका’ म्हणतात, आणि त्या शब्दाचें मूळ न्याय या अर्थाचें आहे. दान ही देणाऱ्याची मेहेरबानी नव्हे, घेणाऱ्याचें तें न्याय्य देणें आहे, असा त्याचा आशय. आपल्या दाराशीं परक्याचें मूल उभें राहील, तेव्हां एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.